नालीतला आमचा अर्धा वाटा

विषय : आमच्या गल्लीची नाली पक्की बांधणे. संदर्भ : अर्धा वाटा रहिवाशांचा, अर्धा पालिकेचा, ही नवी योजना.

ऐकलं तेव्हाच मला संशय आला. पालिका आपणहून अर्धं देते, हे मी तिथं आयुष्यभर कारकुनी करूनही पाहिलं नव्हतं. पण नाली तुंबली की पाणी थेट शेजारच्या गंगूबाईंच्या स्वयंपाकघरात शिरतं, म्हणून अर्जावर सही केली. आमचा वाटा श्रमदानानं चालणार होता. मंजुरीची वाट न पाहता आम्ही रविवारी सगळा गाळ उपसून रस्त्याच्या कडेला टाकला.

सोमवारी पाहणीला साहेब आले.

"ठेकेदार कोण होता?"

"कोणी नाही. आम्हीच काढला."

"फुकट? काऊन?"

आता संशय त्यांना आला. "नाली तर मस्त वाहून राह्यली. मंग अर्ज कायले केला?"

गंगूबाई म्हणाल्या, "साहेब, पाणी आलं का पुन्हा भरते."

"भरली का मंग बलवा."

जीप वळताच गंगूबाईंनी पदर खोचला. "भाऊ, गाळ हाये ना अजून? टाका वापस."

गाळ नालीत परत टाकला आहे. साहेबांना तसं कळवलं आहे. अर्ज प्रलंबित आहे.