थोरल्यांनी वाट अडवली

ओनालेना : ...हॉर्न नाही वाजवायचा, तर मग काय पाया पडू त्याच्या?

मोथूसी : आधी हात काढ तिथून! हत्ती आमचं देवक आहे.

ओनालेना : मोथूसीमामा, तुमचं देवक रस्त्याच्या मधोमध उभं आहे. मागे बसलेल्या चार पाहुण्यांचं विमान साडेदहाला उडतंय.

मोथूसी : दिसतंय मला. माग काढायला बॉनेटवरच्या खुर्चीत मी बसलोय, तू नाही.

ओनालेना : अहो, आज माझी गाइडची परीक्षा! तुम्ही नापास केलंत की मी परत सफारी कॅम्पच्या भटारखान्यात. सहा वर्षं पाव भाजलेत मी. आता ह्या दांडगोबापायी—

मोथूसी : कोण दांडगोबा?

ओनालेना : चुकलं. थोरले.

मोथूसी : तुमचं देवक कोणतं गं? कोणाच्या नावानं नाचतं तुमचं कूळ?

ओनालेना : मगरीच्या.

मोथूसी : मग मगरीला कोणी असं बोललेलं चालेल तुला?

ओनालेना : मगर रस्त्यात उभी राहत नाही, मामा.

मोथूसी : जीभ भारी चालते! कान बघ त्याचे.

ओनालेना : पसरलेत. डोकंही वर... अगंबाई, हा चिडला. धरून बसा, मागे घेते. हळू, हळू... बस्स. पाहुणेमंडळी, कोणी उठू नका, बोलू नका.

मोथूसी : डावीकडून झाडीतून घाल की गाडी. आपले बाप्ये गाइड तेच करतात.

ओनालेना : नाही घालणार.

मोथूसी : विमान चुकेल.

ओनालेना : चुकू दे.

मोथूसी : आणि परीक्षा?

ओनालेना : घरी जाऊन रडेन पोटभर. तुम्ही पुढे उघड्यावर बसलाय, त्याच्या सोंडेखाली. तो जाईपर्यंत मी चाक हलवणार नाही. आणि तुम्हीही आता गप्प बसा!

(बराच वेळ गाडी जागची हलत नाही. मोपानेच्या झाडाची फांदी मोडल्याचा आवाज.)

मोथूसी : वळला.

ओनालेना : या हो थोरले, सावकाश जा. घाई नाही आम्हाला.

मोथूसी : आता बरी माया आली!

ओनालेना : खुर्ची धरा, मामा, निघतेय. हसू नका.

वायरलेसवरचे साहेब : मोथूसी! पाऊण तास झाला, वैमानिक बोंबलतोय. कुठे मेलात?

मोथूसी : आलोच, साहेब. वाटेत आमच्या घरचं वडीलधारं माणूस भेटलं.

वायरलेसवरचे साहेब : कसली थट्टा लावलीय? आणि ती भटारखान्यातली पोरगी काय करत होती?

मोथूसी : पोरगी नाही, साहेब. गाइडबाई म्हणायचं.