धाकली पिंप्रीवाली

— आणि तुझ्या त्या कादंबरीतलं गाव कोणतं म्हणालीस, सुखपूर? शी. म्हणजे शेवटी सगळे सुखात राहणार हे पहिल्या पानावरच कळलं, पुढं वाचायचं कशाला? आणि सावकार राहतो ते लोभवाडी. लिहिणाऱ्याला पैसे देतात ना गं? मग जरा डोकं चालवायचं की — हात ओला कर आधी, ज्वारीचा पापड हा, बिबडा फाटतोय — हां, असा थाप. पण त्याला एकट्याला काय बोलायचं, आपल्या मुलखानं तरी काय दिवे लावलेत? वड दिसला, वडगाव. बोरी दिसली, बोरगाव. माझं माहेर पिंप्री — का, तर पिंपळ. म्हणजे पहिला कोण असेल तो आळशी, दमून झाडाखाली टेकला, वर बघितलं आणि झालं गावाचं बारसं. बरं, पिंपळ काय एकच असतो? जरा पुढं गेलं की दुसरी पिंप्री, नदी ओलांडली की तिसरी. तुमचं धुळं तर त्याहून वर — गल्ली नंबर चार, गल्ली नंबर पाच. गुरं मोजावीत तशा गल्ल्या मोजल्या कोणीतरी, आणि तुम्ही शहरातले लोक ते ऐटीत सांगता. राग नको मानू. मला किळस येते, खरंच येते.

का येते? अगं, गावाला काहीही म्हणा, गाव ओ देत नाही. पण इथं धरणगावात, या घरात, सुनेला तिच्या माहेरच्या गावानं हाक मारतात. मोठ्या जाऊबाई, झुंबरअक्का, आधी आल्या, त्याही पिंप्रीच्या — त्या दुसऱ्या पिंप्रीच्या — म्हणून त्या पिंप्रीवाली. मग मी आले, तर मी धाकली पिंप्रीवाली. दुसरीच्या अंगावरून उतरलेलं लुगडं नेसावं तसं. माझं नाव मंजुळा. तुला कोणी सांगितलं होतं? नाही ना. कोण सांगणार.

परवा मांडवात नानांनी, आपल्या सासऱ्यांनी, ती गोष्ट सांगितली ना — चुकीच्या पिंप्रीला गेलेल्या बैलगाडीची? तू पदराआड हसलीस, मी बघितलं. हस गं, सगळेच हसतात, प्रत्येक लग्नात सांगतात ते. बाजारात कोणा गाडीवानानं त्यांना निरोप दिला, "नाना, तुमनी पिंप्रीवालीनी माय गई." झालं. पिंप्रीवाली म्हणजे मोठी, त्यात विचारायचं काय? अक्कांनी हंबरडा फोडला, गाडी जुंपली, आणि तिथं जाऊन बघतात तर म्हातारी ओट्यावर ज्वारी पाखडत बसलेली — म्हणते, एवढ्या उन्हात कशी गं आलीस? इथं सगळे हसतात आणि नाना इथंच थांबतात. पुढचं सांगत नाहीत — आणि मी तरी तुला कशाला सांगतेय, पण असू दे, तुझ्या नवऱ्यानं हुंड्यातला ट्रान्झिस्टर मोठ्यानं लावलाय, बाहेर जाणार नाही. अक्का रडत होत्या तेव्हा त्यांची पाठ मी चोळली. वाटेसाठी भाकरी मी बांधून दिल्या. आणि मागं राहून सगळ्यांना जेवू घातलं, आणि मनातल्या मनात देवाला म्हणाले, बरं झालं, माझी नाही गेली. असं म्हणाले मी. तेव्हा तिकडं माझी आई अंगणात ठेवलेली, आणि भाऊ लोकांना सांगतोय, थांबा, लेक येईल. किती थांबणार, उन्हाळ्याचे दिवस. गाडी परत आली तेव्हा कळलं कोण गेलं ते. मी पोचले तोवर राखसुद्धा नदीत सोडून झाली होती. सासूबाई काय म्हणाल्या माहितीये? दोन पिंप्र्या, घोटाळा व्हायचाच.

रडू नको, बिबड्यावर पडेल. ऐक. पाहुण्यांच्या गडबडीत तुला अजून कोणी हाक मारली नाही, पण आता मारतील, सासूबाई बघ ओट्यावर येऊन बसल्यात. कुंदा ना तुझं नाव? छान आहे. धुळेवाली म्हणतील, तू ओ देऊ नको. दोनदा म्हणतील, तीनदा म्हणतील, चिडतील — चिडू देत, मी सांभाळते — पण पाणी हवं असेल तर शेवटी नाव घेतीलच. या घरात एका तरी सुनेचं नाव ऐकायचंय मला. एकदा ओ दिलीस की जन्माचं चिकटलं ते — ऐकलंस? मारली हाक. गप बस. माझ्याकडं बघ. तू आपली थापत राहा —

दिलीस ओ.

जा. हाताचं पीठ पुसून जा, धुळेवाली.