तुळस घातलेले पोहे

टीव्हीवाल्यायले विज्ञानाची हौस लय, हिंमत मात्र कवडीची नाई. मी रेडिओवर वीस वर्षं विज्ञान सांगितलं, म्हणून आदिलाबादच्या एका चॅनलनं मले ग्रहणाच्या दिवशी बोलावलं.

प्रोड्यूसर म्हणे, "सर, ग्रहणात खाल्लं तं काही होत नाई, हे लोकायले पोहे खाऊन दाखवा."

मी म्हटलं, "आणा."

पोहे आले. वर तुळशीचं पान!

"हे काऊन?"

"तुमाले काही झालं तं आळ चॅनलवर येईन ना, सर."

"मंग तुमीबी खा माह्यासंगं."

"मी तं ग्रहण सुटल्यावर आंघोळ करूनच खातो. तुमी सुरू करा सर, लाइव्ह हाय. लोकायची अंधश्रद्धा लय वाढून राह्यली!"