ढालीला खोबरेल

माझं माहेर जयगडचं, सासर इथंच भाट्याच्या अंगाला, नवरा बोटीवर स्वयंपाकी होता, म्हणजे वर्षातले नऊ महिने घरात मी एकटी, मूलबाळ नाही, काय सांगू तुम्हाला, बोलायला कोणी नसलं की माणूस याद्या करतं. माझ्या वहीत घरातली प्रत्येक वस्तू आहे, कुठली, कधीची, कुठं ठेवली.

त्यात ही ढाल. अमेरिकेत बोट लागली होती तेव्हा ह्यांनी जुन्या सामानाच्या दुकानातून आणली, गोल, कातड्याची, रंगवलेली. भिंतीला टांगून म्हणाले, अगो, मी नसताना ही राखील तुला. मी म्हटलं, हिला जेवायला वाढावं लागत नाही, तेवढी तुमच्यापेक्षा बरी. चार वर्षांमागं ते वारले, मग तीच राहिली. बाहेर पडताना तिलाच सांगून निघायची, येते हां.

पावसात कातड्याला बुरशी धरते हो, चपला-पट्ट्यांना धरते तशी, म्हणून दर श्रावणात खोबरेल लावून पुसायची. फडक्याला रंग यायचा. मला वाटायचं, मळ निघतोय.

गेल्या शिमग्याला नणंदेची नेत्रा अमेरिकेहून आली, घरी पालखी येऊन गेली, आणि तिची नजर ढालीवर. म्हणाली, मामी, ही तिकडच्या प्युएब्लो लोकांची दिसते, तिथल्या मूळच्या लोकांची, अशी ढाल एकट्याची नसते, गावाची असते, एक घर नुसतं सांभाळतं. मी चिडले. तुझ्या मामांनी पैसे मोजून आणलीय, चोरून नाही. तर म्हणते, आत्ता पालखीत देवाची चांदीची रूपं होती, ती मानकऱ्याच्या घरातून कोणी उचलून विकली आणि कोणी पैसे मोजून घेतली, तर ती त्याची होतील?

मी चहा टाकायला आत गेले.

तिनं ढालीचे फोटो नेले, तिकडे जाऊन चौकशी केली, मग त्या गावच्या एका जाणत्या माणसाचं पत्र आलं, ढाल आमचीच, परत मिळाली तर उपकार होतील, आणि फोटो कोणाला दाखवू नका. म्हणून चित्र काय होतं ते तुम्हालाही सांगत नाही. फोनमधले फोटो पुसले, ढालीखाली हे बसलेत तोसुद्धा.

पेटीत भरताना वर कागद ठेवला, खालच्या कडेचा रंग मी तेलानं पुसला, मला ठाऊक नव्हतं. नेत्रा फोनवर म्हणाली, कशाला लिहितेस मामी? म्हटलं, दुसऱ्याची वस्तू परत करताना काय बिघडलं ते सांगायला नको? पोचल्याचा निरोप आला. रंगाबद्दल काही बोलले नाहीत.

वहीत तिच्यापुढं दिली असं लिहिलं होतं, ते खोडून परत गेली असं केलं. कुलूप लावताना अजून येते हां निघतं तोंडातून. निघू दे. ती तिच्या माणसांत राहो. भिंतीला टांगल्यासारखं एकटं राहणं काय असतं, ते मला विचारा.