काकूचे पुसलेले फोटो

गेलेलं परत येत नाही म्हणतात, पण मेमरी कार्डाचं तसं नसते बे. माह्या मोबाइलच्या दुकानात आमच्या गल्लीतले नामदेव काका कार्ड घेऊन आले. म्हणे, "उद्या तुह्या काकूची तेरवी हाये, अन् भिंतीवर लावाले फोटो नाही. मी फोटो काढला का ती पुसून टाके."

मी कार्डाची जशीच्या तशी नक्कल कम्प्युटरवर घेतली, त्यात पुसलेलंही सापडते. उघडून पाह्यतो तं काकूचे फोटोच फोटो. पण हरेक फोटोत तिनं तोंडासमोर हात आडवा केलेला.

मी म्हटलं, "काका, चेहरा तं एकातही नाही."

काकानं एकेक फोटो पाह्यला. मंग एका फोटोवर बोट ठेवलं. त्यात बोटायच्या फटीतून काकू हासून राह्यली होती.

"हाच मोठा कर."

"लोक काय म्हणतीन, काका?"

"लोकायचं सोड. जन्मभर मले म्हणे, नका काढू फोटो. आता भिंतीवरून म्हणू दे."