शेंदाडावरचे खरबूज

बीडच्या बसस्थानकात तलवाड्याच्या गाडीची प्रतीक्षा करीत असता, शेजारच्या बाकावरील अजिनाथराव व शिवकन्याबाई या वयस्क दांपत्याचे पुढील संभाषण माझ्या कानी पडले.

"प्रयोगशाळेतले साहेब काय म्हनले, परत सांगा."

"कितींदा सांगू? आपल्या खरबुजाच्या मुळ्या सूत्रकृमीच्या गाठींनी भरल्यात. बांधावरल्या रानशेंदाडाच्या मुळीला एक बी गाठ न्हाई."

"मग शेंदाडाच्या खुंटावर खरबुजाचं कलम बांधू."

"आन् फळ कडू निघालं तर? शेंदाड लई कडू असतंय. ह्या वयात परत कोयता घिऊन ऊसतोडीला जायाचं का?"

"न्हाई निघत कडू."

"तुला कसं ठावं?"

"मी खाल्लंय. न्हाणीमागं एक कलम बांधलतं."

"तो तर भोपळ्याचा येल हाय!"

"तुमी भोपळा समजलात, मी समजू दिलं."

"मला सांगायचं न्हाई व्हय?"

"कडू निघालं असतं तर पीक गेलं तवासारखं तुमी परत जेवण सोडलं असतं. म्हनून पयलं एकटीनंच खाल्लं."

"कडू असतं तरी तू गोडच म्हनली असतीस. तुला वळखून हाय मी."

"मग दुसरं पिशवीत हाय. तुमीच चाखा."

"पाव्हणं, चाकू हाय का तुमच्यापाशी?"

मी तत्परतेने चाकू दिला. शिवकन्याबाईंनी एक फोड कापून त्यांच्या हाती दिली.

"अवं, कसं लागतंय? बोला की!"

"थांब गं. आधी आणखी एक फोड दे."