फोटोखालची ओळ

ऐका गं, चहा गार झाला तरी चालेल, पण हे सांगितल्याशिवाय माझं डोकं शांत व्हायचं नाही.

आमच्या ह्यांना शुगर आहे. खोपटच्या एसटी डेपोत त्यांना चक्कर आली, तेव्हा एका हवालदाराने दंडाला धरून त्यांना बाकापर्यंत नेलं. कुणीतरी फोटो काढला. दुसऱ्या दिवशी तो पेपरात पहिल्या पानावर आला आणि खाली ओळ होती, 'खोपट डेपोत पाकीटमार पोलिसांच्या ताब्यात.'

कोपरला आमच्या दारात दूधवाल्यानेच विचारलं, "काका सुटले का?" ह्यांनी आतून ऐकलं. तेव्हापासून माणूस जिना उतरेना.

मी तडक ठाण्याला पेपरच्या ऑफिसात गेले. तिथला साहेब म्हणतो, "मॅडम, फोटो तर खोटा नाहीये ना?"

"फोटोत माझा नवरा आहे. चोर तुमच्या ओळीत आहे. कुणी लिहिली ती?"

"घाईत होतं हो असं. उद्या खुलासा छापतो."

छापला. आतल्या पानावर, जाहिरातींच्या खाली, 'परवाच्या छायाचित्रातील व्यक्ती पाकीटमार नाही.' ना नाव, ना फोटो. कुठली व्यक्ती, ते कुणाला कळणार?

मी फोन लावला. "फोटो का नाही टाकलात?"

"मॅडम, जागा नव्हती."

"चोर ठरवायला पहिलं पान होतं, आणि चोर नाही म्हणायला जागा नाही?"

फोन कट केला त्याने. आमचे हे अजून खाली उतरत नाहीत.